शेल गॅसच्या विहिरींचं सांडपाणी : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शेल गॅसची एकही विहीर नाही. तरीही प्रश्न येत राहतात. भरूच-अंकलेश्वरकडे तेलाच्या विहिरींवर कामाला असलेल्या पोरांचे असतात, भूगोल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे असतात. केळीवाल्यांचे तर असतातच, कारण पाण्याचा विषय निघाला की रावेर-यावलचा माणूस गप्प बसत नाही. साक्रीकडच्या एका आजोबांनी सगळ्यांचं मिळून एकाच वाक्यात विचारलं होतं, "हाई पानी जास कोठे?" खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून तिथेच येतात.

शेल गॅस म्हणजे काय, आणि गॅसच्या कामात पाणी कुठून आलं?

शेल हा चिखलाचे थर दाबून तयार झालेला, पापुद्रे असलेला खडक. त्यातला वायू बारीक छिद्रांत अडकलेला असतो आणि छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात. म्हणून नुसतं भोक पाडून भागत नाही. दोन-तीन किलोमीटर सरळ खाली जायचं, मग थरातून आडवं वळायचं आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू व थोडी रसायनं सोडून खडकाला भेगा पाडायच्या. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. दाब काढल्यावर भेगा मिटू नयेत म्हणून वाळू.

ही वाळू पाण्यात तरंगत राहावी म्हणून पाणी घट्ट करावं लागतं, आणि त्यासाठी अनेक ठिकाणी गवारीच्या बियांचा गोंद वापरतात. अमेरिकेतल्या विहिरींच्या मागणीने २०१२ मध्ये राजस्थान-हरियाणात गवारीचे भाव असे भडकले की सरकारला वायदे बाजारातला गवारीचा व्यवहार थांबवावा लागला. आपण ती शेंगदाण्याचा कूट घालून खातो.

एका विहिरीला पाणी किती लागतं?

अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेने दिलेली व्याप्ती लिटरमध्ये केली तर साधारण ५७ लाख ते ६ कोटी लिटर. तिथल्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मार्सेलस खडकात दीड-दोन कोटी लिटर हा नेहमी दिला जाणारा आकडा आहे. १०,००० लिटरचे टँकर धरले तर दीड ते दोन हजार टँकर. पारोळा किंवा शिंदखेड्याच्या माणसाला मे महिन्यात हा आकडा ऐकवून बघा.

मात्र माझ्या मते आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर येणारं पाणी हा जास्त अवघड प्रश्न आहे. आत जाणाऱ्या पाण्याचं गणित एकदाच मांडावं लागतं. बाहेर येणारं विहीर चालू आहे तोवर येत राहतं.

सगळं पाणी परत वर येतं का?

नाही. मार्सेलसमध्ये सुरुवातीला १० ते ३० टक्के येतं, बाकीचं खडक पिऊन टाकतो. पहिले काही दिवस, आठवडे लोंढा असतो. या पाण्याला फ्लोबॅक म्हणतात आणि त्यात आपणच घातलेली रसायनं जास्त असतात. मग लोंढा ओसरतो, पण धार थांबत नाही. गॅसबरोबर वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी येत राहतं आणि ते दिवसेंदिवस खारट होत जातं, कारण आता ते खडकातलं मूळचं पाणी असतं. प्रत्येक खडकाची तऱ्हा वेगळी. टेक्सासच्या पर्मियन भागात जेवढं तेल निघतं त्याच्या कित्येक पट पाणी निघतं.

त्या पाण्यात असतं तरी काय?

लोक विचारतात रसायनांबद्दल. रसायनं असतात. जंतू मारायला ग्लुटारल्डिहाइड (दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच), पाइपात घर्षण कमी करणारे पदार्थ, गंज आणि क्षारांचे पापुद्रे धरू नयेत म्हणून काही, सुरुवातीला आम्ल. आत जाणाऱ्या मिश्रणात यांचा वाटा अर्धा ते दोन टक्के. टक्केवारी किरकोळ वाटते, पण दीड कोटी लिटरचा एक टक्का म्हणजे दीड लाख लिटर.

तरी माझं बोट मिठावर आहे. शेलचा गाळ प्राचीन समुद्रात साचला, तेव्हाचं खारं पाणी खडकात राहिलं आणि कोट्यवधी वर्षांत आणखी दाट झालं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत असं भारतीय मानक सांगतं. दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. समुद्राच्या पाण्यात ३५,००० च्या आसपास असतात. मार्सेलसच्या विहिरींतून उशिरा येणाऱ्या पाण्यात २,००,००० च्या वरचे आकडे सापडले आहेत. म्हणजे समुद्राच्या पाचपटीहून अधिक.

त्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड असतं, आणि रेडियम असतं. रेडियम कुणी घातलेलं नसतं, खडकातच असतं. पण खारं पाणी त्याला विरघळवून वर आणतं. त्यातल्या रेडियम-२२६ चं अर्धं आयुष्य १,६०० वर्षांचं आहे. ते पाइपांच्या आतल्या पापुद्र्यांत आणि टाकीच्या तळच्या गाळात साचत जातं. म्हणून जुने पाइप भंगारात विकत घेताना सावध राहावं, हे भंगारवाल्यांना सांगायला हवं.

उकळून, गाळून पिता येईल?

नाही. उकळल्यावर पाणी उडतं आणि मीठ राहतं. गाळणीतून मीठ जातं.

मग शुद्धीकरण प्रकल्प कशाला असतात? मीठ काढून टाका की.

काढता येतं, पण नाहीसं करता येत नाही. गावातल्या जारवाल्या आरओ प्लांटच्या मागची नळी आठवा. पुढून गोड पाणी येतं आणि मागून जास्त खारं पाणी गटारात जातं. क्षार तेवढेच राहिले, फक्त एका बाजूला गोळा झाले.

सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खाऊन टाकतात. तेलाचा तवंग वेगळा करता येतो. वाळू, गाळ बसवता येतो. बेरियम आणि त्याच्याबरोबर बरंचसं रेडियम सल्फेट घालून खाली बसवता येतं, पण मग तो गाळच किरणोत्सारी होतो आणि त्याला वेगळी जागा लागते. मिठासाठी मात्र मुख्य वाटा दोनच आहेत. एक आरओ. पण टीडीएस साधारण ७०,००० च्या पुढे गेला की नेहमीचं आरओ हात टेकतं, कारण त्यापुढे लागणारा दाब पडद्याला झेपत नाही. दुसरी वाट पाणी उडवण्याची, म्हणजे बाष्पीभवनाची यंत्रं. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींमुळे 'एमईई' हे नाव बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तसलीच यंत्रं इथेही चालतात, फक्त मिठामुळे धातू महागडा लागतो आणि ऊर्जा पोटभर खातात. शेवटी हातात शुद्ध पाणी आणि मिठाचे ढीग येतात.

ढीग किती मोठा? विहिरीतून २० लाख लिटर पाणी आलं आणि त्याचा टीडीएस १,००,००० धरला, तर लिटरमागे १०० ग्रॅम, म्हणजे एकूण २०० टन मीठ. दहा टनांचे वीस ट्रक, एका विहिरीचे. हे मीठ मिठागरातल्या मिठासारखं विकता येत नाही, कारण त्यात वर सांगितलेली सगळी मंडळी असतात.

म्हणून कुणी "आम्ही पाण्यावर प्रक्रिया करतो" म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असावा: मीठ कुठे नेता?

पावसाळ्यात तापीला पूर असतो. तेव्हा सोडलं तर वाहून नाही का जाणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून गणितच करू. २,००,००० टीडीएसचं एक लिटर पाणी घेतलं आणि ३०० टीडीएसचं नदीचं पाणी त्यात मिसळत गेलो, तर ५०० वर यायला जवळजवळ १,००० लिटर नदीचं पाणी लागतं. एक कोटी लिटर सांडपाण्याला १,००० कोटी लिटर. पुरात तेवढं पाणी वाहतं, मान्य. पण सांडपाणी बारा महिने येतं आणि पूर चार दिवस असतो.

शिवाय तापी मुलताईला उगम पावते, हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा करत उकाई धरणात साठते आणि पुढे सुरतचं पाणी होते. आपण वाहून गेलं म्हणतो ते कुणाच्या तरी नळाला येतं.

पेनसिल्व्हेनियाने हा प्रयोग करून पाहिला आहे. गॅसच्या विहिरी वाढल्या तेव्हा सांडपाणी नगरपालिकांच्या मैलापाणी प्रकल्पांत पाठवलं जायचं. त्या प्रकल्पांचं काम सेंद्रिय घाण कमी करण्याचं. मीठ एका बाजूने आत आलं आणि दुसऱ्या बाजूने नदीत गेलं. खाली पिण्याचं पाणी उचलणाऱ्या शहरांत ब्रोमाइड क्लोरीनशी जुळून ट्रायहॅलोमिथेन हे अपायकारक पदार्थ वाढण्याची अडचण उभी राहिली. एप्रिल २०११ मध्ये राज्याने कंपन्यांना असं पाणी पाठवणं थांबवायला सांगितलं, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शेलसारख्या विहिरींचं पाणी सार्वजनिक मैलापाणी प्रकल्पांत सोडण्यावर देशभर बंदी घातली.

तिथल्याच ब्लॅकलिक क्रीक या ओढ्यावर खास खाऱ्या पाण्यासाठीचा प्रकल्प होता. तिथे प्रक्रिया केलेलं पाणी पडायचं त्या जागच्या गाळात ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना वरच्या बाजूपेक्षा सुमारे २०० पट रेडियम आढळलं. ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे पाणी पुढे गेलं तरी गाळ तिथेच राहिला.

आमच्याकडे ऊन फुकट आहे. तळ्यात वाळवलं तर?

भुसावळचा उन्हाळा पाहता हा विचार येणारच. अमेरिकेच्या कोरड्या भागांत अशी तळी आहेतही. पण खानदेशात जून ते सप्टेंबर आकाशातूनही पाणी येतं. तळं भरून वाहिलं तर मीठ थेट शेतात जातं. पाणी खारट होत जातं तसं ते उडायचंही मंदावतं. तळाचा प्लास्टिकचा थर एका जागी फाटला तरी खालचं भूजल गेलं. यावल-रावेरचा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा पाणी मुरवणारा आहे. वरून पडलेलं जिथे झपाट्याने खाली जातं तिथे असलं तळं नकोच.

आणि एकदा खारं झालेलं भूजल गोड व्हायला किती पिढ्या लागतात ते शेजारी बघावं. बुलढाणा-अकोल्यातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा निसर्गाने केलेला आहे. तिथल्या लोकांना विचारा, विहीर असून पाणी नसणं कसं असतं ते.

जमिनीतून आलं ते जमिनीतच परत घातलं तर?

जगात बहुतेक ठिकाणी हेच करतात, आणि मला विचाराल तर नदीत सोडण्यापेक्षा शंभरदा बरं. अमेरिकेत तेल-वायूशी संबंधित अशा सुमारे १,८०,००० इंजेक्शन विहिरी आहेत. खोलवरच्या, आधीच खाऱ्या असलेल्या सच्छिद्र खडकात पाणी घालायचं, वरच्या गोड्या पाण्याच्या थरातून जाताना लोखंडी नळी आणि सिमेंटचं दुहेरी-तिहेरी आवरण द्यायचं. आवरण पक्कं असेल तोवर ठीक.

अडचण अशी की सगळीकडे तसा खडक नसतो. पेनसिल्व्हेनियात अशा विहिरी फार थोड्या, म्हणून तिथलं पाणी टँकरने शेजारच्या ओहायोत गेलं. २०११ च्या शेवटच्या दिवशी ओहायोतल्या यंगस्टाउनला ४ तीव्रतेचा धक्का बसला. तो अशाच एका विहिरीशी जोडला गेला.

पाणी घातल्याने भूकंप होतो हे खरं?

होऊ शकतो. मराठी माणसाला हे कोयनेवरून कळायला हवं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ६ पेक्षा मोठ्या तीव्रतेचा होता, आणि जलाशयाच्या पाण्याशी त्याचा संबंध जगभरच्या पुस्तकांत शिकवला जातो. खडकात जुनी भेग आधीच ताणलेली असते. तिच्यात पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी पडतं आणि भेग सरकते. पाणी ताण निर्माण करत नाही, साठलेला ताण मोकळा करतं.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराजवळ लष्कराच्या रसायन कारखान्याने १९६२ मध्ये सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत घालायला सुरुवात केली आणि शहराला धक्के बसू लागले, तेव्हा हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. पुढे ओक्लाहोमाने कमाल केली. पूर्वी वर्षात एखाद-दुसरा ३ तीव्रतेचा धक्का जाणवणाऱ्या या राज्यात २०१५ मध्ये सुमारे ९०० बसले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी गावाजवळ ५.८ चा झाला. त्यातले बहुतेक धक्के फ्रॅकिंगमुळे नव्हते, तर विहिरींतून निघणारं खारं पाणी खोल पुरण्यामुळे होते. बातम्यांत हे दोन्ही सर्रास एक करतात. पाण्याचं प्रमाण कमी केल्यावर धक्केही कमी झाले.

आपल्या सातपुड्यात १९३८ मध्ये ६ च्या वरचा भूकंप होऊन गेला आहे. नर्मदा-तापीचा पट्टा शांत नाही.

तेच पाणी पुढच्या विहिरीला वापरत नाहीत का?

वापरतात, आणि तूर्त सगळ्यात शहाणपणाचा मार्ग हाच. पेनसिल्व्हेनियात बहुतांश पाणी असं फिरवलं जातं. गाळ बसवायचा, लोह आणि बेरियम कमी करायचं, जंतू मारायचे आणि गोड्या पाण्यात मिसळून पुढच्या विहिरीत घालायचं. मीठ चालतं, कारण रसायनं आता मीठ सोसणारी निघाली आहेत. गोड्या पाण्याची मागणीही घटते.

फक्त हे नव्या विहिरी खोदणं चालू आहे तोवरच जमतं. खोदाई थांबली की जुन्या विहिरींचं पाणी येतच राहतं आणि घालायला जागा उरत नाही. वाढत्या धंद्यात हिशेब जुळतो. थांबलेल्या धंद्याचा हिशेब कंपनीच्या कागदात शोधून पाहावा.

केळीला, कापसाला हे पाणी देता येईल?

केळीला तर मुळीच नाही. केळी मिठाच्या बाबतीत नाजूक. पानांच्या कडा करपतात, घड बारीक राहतो. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसून नळ्या बंद पडतात, आणि हे पाणी इतकं जड असतं की नेहमीची आम्लप्रक्रिया करून भागणार नाही. कापूस मीठ बऱ्यापैकी सोसतो, पण समुद्राच्या कित्येक पट मीठ कुठलंच पीक सोसत नाही.

कॅलिफोर्नियाच्या कर्न परगण्यात तेलविहिरींच्या पाण्यावर बदाम-पिस्ते पिकवतात, असा व्हिडिओ फिरतो. ते खरं आहे. पण ते पाणी जुन्या पद्धतीच्या विहिरींचं, मुळातच कमी खारं, आणि गोड्या पाण्यात मिसळून दिलेलं असतं. त्यावरून शेलच्या पाण्याचं अनुमान काढू नये.

कोळशाच्या थरातल्या मिथेनचं पाणीही असंच असतं?

नाही. राणीगंज, झरिया, सोहागपूरकडच्या कोल बेड मिथेनमध्ये कोळशातलं पाणी आधी उपसावं लागतं, मग वायू सुटतो. ते सहसा बरंच कमी खारं असतं. त्याचा दोष वेगळा: सोडियम जास्त आणि कॅल्शियम कमी. आपल्या काळ्या जमिनीला ते बाधतं. चिकणमातीला सोडियम चिकटलं की ती फुगते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड होते. टीडीएसचा आकडा बरा दिसला म्हणून फसू नये, सोडियमचं प्रमाणही विचारावं.

मी गुजरातेत तेलक्षेत्राचा टँकर चालवतो. मला काय धोका?

भाऊ, टाकीचं झाकण उघडून वाकून बघू नका. एवढं एक पाळा. वर साचलेली वाफ पेटते, आणि प्राणवायू कमी असलेली ती हवा दोन-तीन श्वासांत माणसाला पाडते. अमेरिकेत २०१० ते २०१४ या काळात टाकीची पातळी मोजताना किंवा नमुना घेताना ९ कामगार गेले. सडक्या अंड्यांचा वास आला की वारा जिकडून येतो त्या बाजूला हला. तो वास अचानक यायचा थांबला तर वायू गेला असं समजू नका, हायड्रोजन सल्फाइडने नाक बधिर होतं. माल कुठून घेतला, कुठे उतरवला याचा कागद स्वतःजवळ ठेवा. रात्री नाल्यात सोडून दे असं कुणी सांगितलं तर सापडणार चालक, सांगणारा नाही.

भारतात कायदा काय म्हणतो?

पाणी प्रदूषण कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखालच्या नियमांत तेल आणि वायूच्या खोदाईसाठी वेगळी मानकं आहेत: जमिनीवर सोडायच्या पाण्यात टीडीएस २,१००, क्लोराइड ६००, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमच्या आत. शेलच्या पाण्याला हे पाळायचं तर मीठ काढल्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून ही मानकं कामाची आहेत.

वापरात नसलेल्या विहिरीत पुरायचं असेल तर जमिनीपासून १,००० मीटरच्या खाली, आणि तिथे फक्त तरंगता गाळ व तेल-ग्रीसची मर्यादा लागू. मिठाला मर्यादा नाही. तिथलं पाणी खारंच असतं, त्यामुळे ते समजू शकतो. पण नळीच्या आवरणाची तपासणी कोण आणि किती वेळा करतो, यावर सगळं अवलंबून आहे.

अमेरिकेचे दाखले देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे तेल-वायूच्या विहिरींचा हा कचरा केंद्रीय कायद्याने 'घातक कचऱ्या'च्या कडक नियमांतून १९८० पासून वगळलेला आहे. तिथलं सगळंच अनुकरणीय नाही.

खानदेशात शेल गॅस निघेल का?

लगेच तरी नाही. सरकारने शेलसाठी खंभात, गोंडवाना, कृष्णा-गोदावरी, कावेरी, आसाम-आराकान आणि सिंधू-गंगेचं मैदान ही खोरी पाहिली. त्यात आपण नाही. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, लाव्हाचा. त्याच्या खाली जुने गाळाचे थर असल्याचे संकेत भूभौतिक पाहण्यांत मिळाले आहेत, पण संकेत म्हणजे गॅस नव्हे. भारतात शेल गॅस पहिल्यांदा जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरच्या विहिरीत आढळला. आपल्याला जवळचं म्हणजे खंभातचं खोरं. ओएनजीसीने जंबुसरला २०१३ मध्ये शेलसाठी विहीर घेतली होती. पण भारतात अजून मोठं व्यावसायिक उत्पादन नाही.

गुजरातच्या विहिरींचं पाणी तापीतून उलटं आपल्याकडे चढणार नाही. टँकर मात्र सुरत-धुळे रस्त्याने नवापूरचा घाट सहज चढतो, आणि ओहायोत तेच झालं होतं.

जनसुनावणी लागली तर काय विचारायचं?

आधी हे माहीत असू द्या, की २०२० च्या दुरुस्तीनंतर नुसत्या शोधासाठीच्या खोदाईला जनसुनावणीची अट राहिलेली नाही, उत्पादनासाठी आहे. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, आणि ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश मागायचा हक्क आहे. तो वाचून जा, नुसत्या घोषणा इतिवृत्तात येत नाहीत.

विचारा: दर विहिरीमागे पहिल्या वर्षी किती पाणी येईल आणि दहाव्या वर्षी किती? टीडीएस किती धरला आहे? मीठ आणि गाळ कुठल्या जागेत जाणार, तिथली परवानगी दाखवा. गाळाची किरणोत्सर्ग तपासणी कोण करणार? कंपनी निघून गेल्यावर विहीर बुजवायचा खर्च कुठल्या खात्यात ठेवला आहे?

आणि खोदाई सुरू व्हायच्या आधी आपल्या विहिरीचं, बोअरचं पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासण्या होतात. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, कारण आपल्याकडे दोन्हींत फरक पडतो. नमुना साक्षीदारांसमोर घ्या, तारीख घाला, अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत नोंदवून ठेवा. टीडीएस आणि क्लोराइड सगळीकडे बघतात. ब्रोमाइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मिथेन मात्र नेहमीच्या यादीत नसतात, ते वेगळे लिहून मागावे लागतात.